दोन लाखांचं गोवा : एका आकड्याची झडती

गेल्या वर्षी एका परिषदेत मी पोस्टर लावलं होतं. विषय माझा नेहमीचाच: जुन्या शहरांची लोकसंख्या रोगराईमुळे कशी घसरते, याचं गणिती मॉडेल. उदाहरणाला जुने गोवे घेतलं होतं. डाव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत सुरुवातीचा आकडा, १५४३ साली २,००,०००. उजव्या कोपऱ्यात शेवटचा, १७७५ साली १,५००. मधे लाल रंगाची उतरती रेघ. दिसायला झकास.

चहाच्या सुट्टीत एक वयस्कर गृहस्थ पोस्टरसमोर येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळं नीट वाचलं आणि म्हणाले, "बाय, आमचं घर दिवाडीला. समोरच जुने गोवे. हे दोन लाख लोक राहायचे कुठे?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं. पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी, त्या काळच्या लंडनपेक्षा मोठं शहर, वगैरे. ते म्हणाले, "असेल, असेल. पण राहायचे कुठे?" आणि बिस्किट संपवून पुढच्या पोस्टरकडे गेले.

आज मी टीका करणार आहे ती या दोन लाखांवर. पण हे आधीच सांगून टाकते की पहिली आरोपी मीच आहे, कारण हा आकडा माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात, पहिल्याच तक्त्यात, पहिल्याच ओळीत होता.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पणजीहून मांडवीच्या काठाकाठाने पूर्वेला साधारण दहा किलोमीटर गेलं की जुने गोवे लागतं. आज तिथे से कॅथेड्रल आहे, बॉम जेझुस बॅसिलिका आहे, टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा अर्धा उरलेला मनोरा आहे, आदिलशाही वाड्याचं एक दार आहे, आणि नदीकडे जाताना व्हाइसरॉयची कमान. कमानीतून खाली उतरलं की दिवाडीची फेरीबोट. बाकी माड, गवत, पर्यटकांच्या बसगाड्या. १५१० मध्ये आल्बुकर्कने हे शहर आदिलशाहीकडून घेतलं, १५३० मध्ये कोचीहून राजधानी इथे आली, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. या सगळ्या चर्च आणि मठांना १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एवढी मोठी चर्चेस आणि आजूबाजूला वस्तीच नाही, हे पाहिलं की मनात पहिला प्रश्न येतोच, माणसं गेली कुठे? आणि त्याचं तयार उत्तर हजर असतं: दोन लाख होती, रोगाने मेली.

आता गृहस्थांचा प्रश्न घेऊ. राहायचे कुठे?

पणजी महापालिकेचं क्षेत्र सुमारे ८ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ४०,०१७. म्हणजे चौरस किलोमीटरला ५ हजार. मी उदार होऊन जुन्या शहरालाही ८ चौरस किलोमीटर देते. मग दोन लाखांसाठी घनता येते चौरस किलोमीटरला २५ हजार. आजच्या पणजीच्या पाचपट, तेही फ्लॅट आणि लिफ्टशिवाय. लिन्स्कोटन नावाचा डच माणूस १५८० च्या दशकात इथे आर्चबिशपच्या पदरी पाच वर्षं होता. तो लिहितो की इथली घरं उन्हामुळे जरा ठेंगणी बांधतात आणि बहुतेकांच्या मागे बाग असते. ठेंगणी घरं, मागे परसबाग आणि आजच्या पणजीच्या पाचपट दाटी. बसतंय का डोक्यात?

अजून एक ताळा. पणजी, ताळगाव, सांताक्रूझ, दिवाडी, चोडण, रायबंदर, जुने गोवे असा अख्खा तिसवाडी तालुका धरला तर २०११ ची लोकसंख्या १,७७,२१९. म्हणजे नळ, वीज, पूल, मेडिकल कॉलेज हे सगळं असताना, सरकारी कार्यालयं भरलेली असताना, २०११ मध्येही अख्खा तालुका दोन लाख होत नव्हता.

यावरून दोन लाख अशक्य होते, असं सिद्ध होत नाही. प्राचीन रोम याहून मोठं होतं, आणि तिथेही लिफ्ट नव्हत्या. पण एवढ्या दाट शहराच्या खुणा राहतात. तांदळाचंच बघा. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तर दोन लाखांना दिवसाला १०० टन लागतं. तिसवाडीच्या खाजण शेतीत ते पिकणं शक्य नव्हतं, तांदूळ कानडा किनाऱ्यावरून, बसरूर-मंगळूरकडून समुद्रमार्गे यायचा. पावसाळ्यात बंदर बंद. म्हणजे जूनच्या आधी शंभर दिवसांचा साठा हवा, १० हजार टन. एवढी कोठारं लागतात, एवढे पाडाव लागतात, तेवढे हमाल लागतात, आणि ती माणसंही जेवतात. पाण्याचं तर विचारूच नका. पिण्याचं चांगलं पाणी बायंगिणीच्या झऱ्यावरून घड्यांनी आणून विकलं जायचं, आणि ते वाहणारे बहुतेक गुलाम.

बरं, मग हा आकडा आला कुठून, आणि इतका टिकला कसा?

मी तो एका पेपरातून उचलला. त्या पेपराने एका प्रवासी पुस्तकातून घेतला होता. पुस्तकात फक्त "असे म्हणतात" होतं. आमच्या क्षेत्रात याला संदर्भ म्हणतात, गावाकडे वावडी म्हणतात. पण मला आता त्याहून जास्त खटकतं ते हे की या सगळ्या प्रवासात आकड्यासोबत एकक कुठेच नव्हतं. दोन लाख काय? शहरातले, की बेटावरचे? तिसवाडी हे बेट, आणि पोर्तुगीज कागदांत शहराचं नाव गोवा, बेटाचंही नाव गोवा, पुढे सगळ्या मुलखाचंही तेच. शिवाय त्या काळी माणसं मोजायची रीतच वेगळी. कुठे घरं मोजायचे, म्हणजे चुली. कुठे कझादु मोजायचे, म्हणजे लग्न करून स्थायिक झालेले पुरुष. चर्चवाले मोजायचे ते आत्मे, आणि तेही कन्फेशन देण्याच्या वयाचे, अर्थात फक्त ख्रिस्ती. यातल्या कुठल्याही मोजणीत तान्ही पोरं नाहीत. चर्चच्या मोजणीत हिंदू सोनार, व्यापारी, वैद्य नाहीत. चुलीच्या मोजणीत घरातल्या गुलामांची संख्या चुलीमागे लपते.

चुलीवरून माणसं काढायला एक गुणक लावतात. युरोपातल्या गावांसाठी साधारण साडेचार. समजा एखाद्या कागदात ३ हजार चुली आहेत. साडेचारने गुणलं तर १३,५००. पण गोव्यात बऱ्या घरात गुलाम, नोकर, मालकाकडे जेवायला येणारे बेकार शिपाई असा गोतावळा असायचा. गुणक १२ धरला तर तेच शहर ३६ हजारांचं. एकाच कागदावरून जवळजवळ तिप्पट फरक. त्यात ऋतूची भर. लिस्बनहून निघालेली जहाजं सप्टेंबरच्या आसपास पोचायची आणि थंडीत परत निघायची. पावसाळ्यात आरमार बंदरात पडून, शिपाई शहरात मोकाट. तुम्ही मोजणी जुलैत केलीत की फेब्रुवारीत, यावर आकडा बदलेल. अशा ठिकाणी गोल दोन लाख लिहिणं म्हणजे वजनकाटा न बघता भाव सांगण्यासारखं आहे.

एवढं उघड असताना माझ्या लक्षात का आलं नाही? याचं उत्तर मला माझ्या स्प्रेडशीटमध्ये सापडलं, आणि ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. थोडं गणित आहे. पळू नका, दोनच ओळी आहेत.

लोकसंख्या दरवर्षी ठराविक टक्क्यांनी घटते असं धरलं की तो दर काढायला सुरुवातीचा आकडा भागिले शेवटचा आकडा, त्याचा लॉग, भागिले वर्षं. १५४३ ते १७७५ म्हणजे २३२ वर्षं. २,००,००० पासून १,५०० पर्यंत यायचं तर दर येतो वर्षाला सुमारे २.१ टक्के. दर ३३ वर्षांनी शहर निम्मं. आता सुरुवातीचा आकडा एकदम दहा पटींनी कमी करा, २०,००० धरा. दर येतो सुमारे १.१ टक्के. म्हणजे आकड्यात दहा पट चूक, आणि उत्तरात जेमतेम दुप्पट फरक! लॉग हा फार सोशिक प्राणी आहे, तुमची केवढीही चूक पोटात घालतो. दोन्ही रेघा आलेखावर तितक्याच देखण्या दिसतात. मॉडेल ओरडत नाही. मॉडेल न ओरडल्यामुळे मीही गप्प.

पण दुप्पट फरकाचा अर्थ काय, ते बघा. जुन्या काळातल्या मोठ्या शहरांबद्दल एक गोष्ट लोकसंख्याशास्त्रात पक्की मानली जाते. तिथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असायचे. दाटी, घाण पाणी, बंदरातून येणारे रोग, आणि लग्न न झालेल्या तरुण पुरुषांचा भरणा. शहर टिकायचं ते बाहेरून माणसं येत राहिल्यामुळे. रिग्ली या इंग्रज अभ्यासकाने १९६७ मध्ये लंडनसाठी हिशोब मांडला होता: १६५० ते १७५० या काळात लंडनला वाढत राहायला वर्षाला सुमारे ८ हजार माणसं बाहेरून यावी लागत होती. आपण त्याला गळका हंडा म्हणू. तळाला भोक आहे, वरून नळ चालू आहे. नळ जोरात असेल तर पातळी वाढते. नळ बंद झाला तर भोक तेवढंच असूनही हंडा रिकामा होतो.

समजा गोव्याच्या हंड्याचं भोक वर्षाला १ टक्का होतं. हजारी दहा जादा मृत्यू, तशा शहराला काही फार नाही. सुरुवात २० हजारांपासून केली तर एकूण घट १.१ टक्के, म्हणजे जवळजवळ सगळी घट नुसता नळ बंद झाल्याने समजते. वेगळी महामारी लागतच नाही. सुरुवात दोन लाखांपासून केली तर घट २.१ टक्के, आणि मधले १.१ टक्के कशावर तरी टाकावे लागतात. मी ते रोगराईवर टाकले होते. थोडक्यात, माझ्या प्रबंधातली अर्धी महामारी सोळाव्या शतकात आलीच नव्हती. ती माझ्या पहिल्या तक्त्याच्या पहिल्या ओळीतून आली होती.

आणि उलट्या दिशेने पाहिलं असतं तर आकडा तिथेच पकडला गेला असता. उतरणीवर सोशिक असलेला लॉग चढणीवर तसा नाही, कारण तिथे वर्षं थोडी. १५१० साली शहरात ४० हजार माणसं होती असं पुन्हा उदार होऊन धरू. ३३ वर्षांत दोन लाख व्हायला वर्षाला ४.९ टक्के वाढ हवी. भोक धरलं तर नळातून ६ टक्के यायला हवेत. शेवटच्या वर्षांत हे होतात वर्षाला १२ हजार लोक. रिग्लीच्या लंडनला अख्खं इंग्लंड माणसं पुरवत होतं, तरी ८ हजार. इथे एका छोट्या बेटावरच्या शहरात, ज्याच्या नदीपलीकडे शत्रूचा मुलूख आहे, वर्षाला १२ हजार? मी मॉडेल शिखरापासूनच सुरू केलं होतं, त्यामुळे हे मला कधी दिसलंच नाही. आमच्याकडे बहुतेक मॉडेलं शिखरापासूनच सुरू होतात, कारण पडझडीवर पेपर छापून येतो.

आता रोगाकडे. रोग नव्हता, असं मी म्हणत नाहीये. १५४३ च्या पावसाळ्यात गोव्यात जी साथ आली तिचं वर्णन गास्पार कोरेया या बखरकाराने केलं आहे, आणि ते वाचून अंगावर काटा येतो. उलट्या, न शमणारी तहान, पोटऱ्यांत आणि तळपायात गोळे, नखं काळी, एका दिवसात माणूस खलास. चर्चच्या घंटा दिवसभर वाजत राहिल्या, शेवटी लोक घाबरतात म्हणून गव्हर्नरने मृत्यूची घंटा वाजवायलाच बंदी केली. एका मृताचं शव उघडून तपासायचा हुकूमही त्याने दिला. हा बहुधा कॉलरा. आणि कोरेया सांगतो की इथले लोक या रोगाला 'मोरेशी' म्हणतात. ओळखलंत? आपली मोडशी! घरी पोट बिघडलं की आजी जो शब्द वापरते तोच. तोच शब्द पोर्तुगीजांनी उचलला, पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचा अपभ्रंश होऊन त्याला 'कुत्र्याचं मरण' असा अर्थ चिकटला, आणि तो शब्द युरोपभर फिरला.

पण कोरेया असंही म्हणतो की शंभरातले दहासुद्धा वाचले नाहीत. उपचार न केलेल्या तीव्र कॉलऱ्यात साधारण निम्मे दगावतात. मग नव्वद टक्के कसे? कारण त्याला दिसत होते ते इस्पितळात पोचलेले, म्हणजे आधीच टोकाला गेलेले. जे घरी सौम्य आजारी पडून बरे झाले ते त्याच्या मोजणीत नाहीत. जे वाचले ते इथल्या लोकांच्या साध्यासुध्या औषधांनी वाचले, हेही त्यानेच नोंदवलं आहे. सोळाव्या शतकातली ही निवडीची चूक आम्ही एकविसाव्या शतकात पॅरामीटर म्हणून वापरतो, हा विनोद वेगळाच.

आणि रोगानेच शहर संपवलं या गोष्टीत एक साधी तारखांची अडचण आहे. साथ आली १५४३ मध्ये. से कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं १५६२ मध्ये. बॉम जेझुस १५९४ मध्ये. म्हणजे आज जे पाहायला आपण जातो ते बहुतेक सगळं त्या भयंकर साथीनंतर बांधलेलं आहे! मरणाऱ्या शहराला असं बांधकाम सुचत नाही. पुढेही तेच. १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत गोव्याच्या रॉयल हॉस्पिटलमध्ये सुमारे २५ हजार पोर्तुगीज शिपाई मेले असा त्या काळच्या एका अधिकाऱ्याचा हिशोब होता, इतिहासकार बॉक्सर यांनी तो पुढे आणला. वर्षाला आठशेच्या वर, तेही फक्त एका इस्पितळात, फक्त शिपाई. आणि हाच गोव्याच्या वैभवाचा काळ. भोक भरभराटीतही तेवढंच मोठं होतं. फरक एवढाच की तेव्हा लिस्बनहून दरसाल नवी भरती येत होती, किनाऱ्यावरून व्यापारी येत होते, पूर्व आफ्रिकेतून आणि इतर ठिकाणांहून धरून आणलेले गुलाम येत होते.

नळ बंद कसा झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात आहेच. डच आरमाराने मांडवीचं तोंड पुन्हा पुन्हा अडवलं. १६२२ मध्ये होर्मुझ गेलं, १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो, १६६३ मध्ये कोची. ज्या व्यापारासाठी माणूस गोव्याला यायचा तो व्यापारच दुसऱ्या बंदरांत गेला. १६८३ मध्ये संभाजी महाराज जुवे बेटापर्यंत आले, व्हाइसरॉयने झेवियरच्या शवपेटीपुढे राजदंड ठेवून धावा केला, ही गोष्ट आपण सगळे ऐकून आहोत. मला त्या गोष्टीतला नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच व्हाइसरॉयने लगेच राजधानी मुरगावला हलवायची मोहीम सुरू केली. याची कारणं सांगताना नुसतं हवा वाईट आहे म्हणून भागत नाही, शहर राखता येत नव्हतं. आणि राजधानी हलणार, अशी नुसती हूल उठली तरी कुठला व्यापारी तिथे नवं घर बांधेल? तुम्ही बांधाल?

माणसं कमी झाल्यावर रोग वाढला, हेही घडलं असणार. ओसाड घरांच्या विहिरी, न उपसलेली गटारं, जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत झिरपणारे संडास, डास. म्हणजे रोग हे कारण आहे तसं परिणामही. ज्यांना परवडलं ते आधी हलले. १६९५ मध्ये व्हाइसरॉयच पणेलीला राहायला गेला, मग रायबंदर, मग पणजी. पोंबालच्या काळात जुनं शहर पुन्हा उभारायचा हुकूम सुटला, त्याचं काही झालं नाही. १८३५ मध्ये मठ बंद झाले आणि उरलेसुरले पाद्रीही गेले. पडक्या इमारतींचा चिरा पणजीच्या बांधकामाला लागला. दगडही स्थलांतरित!

इथे मला माझ्या मॉडेलची खरी मर्यादा सांगायची आहे. एकूण लोकसंख्येचे फक्त आकडे हातात असतील तर मेलेला माणूस आणि निघून गेलेला माणूस यांत गणिताला फरक करता येत नाही. दोघेही वजा एक. आलेखावर दोघांची रेघ सारखीच लाल. आम्ही याला ओळखता न येण्याचा प्रश्न म्हणतो, आणि तो जास्त डेटा टाकून सुटत नाही, वेगळ्या जातीचा पुरावा लागतो.

तो पुरावा कुठे शोधायचा? दिवाडीच्या गृहस्थांनी मला नकळत दिशा दाखवली होती. दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचं मोठं देऊळ होतं, कदंबांचं कुलदैवत. सोळाव्या शतकात ते पाडलं गेलं आणि देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला गेला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथे जीर्णोद्धार केला. आता विचार करा, देव एकटा जात नाही. पुजारी जातात, देवळाचे मानकरी जातात, घरं जातात. साष्टीतून मंगेश आणि शांतादुर्गा अंत्रुज महालात गेल्या, तेव्हाही तसंच. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं कुलदैवत गोव्यात आहे आणि घर रत्नागिरी, कारवार किंवा बेळगावला. म्हणजे माझ्या पोस्टरवरच्या लाल रेघेत जे "वजा" झाले त्यातले काही तुमचे पूर्वज असतील, आणि ते मेले नव्हते. फेरीच्या अंतरावर, दुसऱ्या राजाच्या मुलखात, शेती करत होते. शहराच्या बाजूने मोजलं तर ऱ्हास, नार्व्याच्या बाजूने मोजलं तर वस्ती वाढली.

म्हणून दोन लाखांवर माझा राग नुसता चूक म्हणून नाही. या आकड्याने गोष्ट फार सोपी होते. मोठं सोन्याचं शहर, मग रोग, मग जंगल. त्यात बायंगिणीचं पाणी वाहणारा गुलाम येत नाही, चुलीमागे लपलेली माणसं येत नाहीत, नदी ओलांडून गेलेले येत नाहीत. जे मोजलेच नव्हते त्यांना आधी गोल आकड्यात भरून घ्यायचं आणि मग साथीत मारून टाकायचं, असा हा हिशोब आहे. हंपी, विजापूर, दौलताबाद, प्रत्येक पडक्या राजधानीला असा एकेक गोल आकडा चिकटलेला दिसेल. पुढच्या वेळी गाईडने सांगितला की त्याला एकक विचारा. शहर की मुलूख? चुली की माणसं? पावसाळ्यात की हिवाळ्यात? बिचारा वैतागेल, पण विचारा.

मी आता प्रकरणात काय केलं? सुरुवातीचा आकडा काढून टाकला आणि पट्टा घातला, साधारण १६०० साली शहरात २० हजार ते ८० हजार. गाईडना पट्टा पटला, पण इतका रुंद पट्टा पाहून परीक्षक काय म्हणतील ही त्यांची काळजी आहे. त्यांचं म्हणणं, "निष्कर्ष पातळ होतो." होतोच. आधी लिहिलं होतं, "साथींमुळे शहर ओस पडले." आता लिहिलंय, "आगमन थांबल्यामुळे घट समजावता येते, साथींचा वेगळा वाटा या माहितीवरून काढता येत नाही." पहिलं वाक्य पोस्टरवर शोभतं, दुसऱ्याला कुणी चहा सोडून येणार नाही. यावर आमची अजून बोलणी चालू आहेत. १७७५ च्या १,५०० वरही मी प्रश्नचिन्ह टाकलंय, कारण तोवर शहराची हद्द कुठवर मानत होते ते त्या आकड्यासोबत येत नाही.

डिसेंबरात मी जुने गोव्याला जाऊन आले. व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरून फेरीत बसले. पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. सोबत दोन स्कूटर, एक मासळीची पाटी आणि शाळेची मुलं होती. दिवाडीच्या काठावरून मागे वळून पाहिलं तर झाडीवर फक्त चर्चचे माथे दिसतात. मी मोबाइलवर नकाशा उघडून पुन्हा ते ८ चौरस किलोमीटर आखून पाहिले, कमानीपासून मोंतच्या टेकडीपर्यंत आणि पलीकडे. बरीच ओढाताण करावी लागली.

पोस्टर अजून माझ्या खोलीत कपाटामागे गुंडाळून उभं आहे. त्यावरचे दोन लाख मी पेनाने खोडलेत आणि बाजूला लिहिलंय: शहर की बेट?